सिलिंडर की पाइप गॅस: खर्चाचा हिशेब

आई सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करायची. दोन गोलांमधलं अंतर म्हणजे आमच्या घरचा गॅसचा हिशेब. पाइप गॅसला असा गोल नाही. मीटर फिरतो, दोन महिन्यांनी बिल येतं आणि तेव्हा कळतं.

मुंबईत 14.2 किलोचा विनाअनुदानित सिलिंडर नोव्हेंबर 2020 मध्ये 594 रुपयांना होता, जुलै 2022 मध्ये 1,052.50 झाला. दीड-पावणेदोन वर्षांत एवढी उडी! पुढे 2023 आणि 2024 मध्ये कपात झाली, एप्रिल 2025 मध्ये पुन्हा 50 रुपये वाढले. पाइप गॅसही महागला, पण एप्रिल 2022 मध्ये राज्याने नैसर्गिक वायूवरचा, म्हणजे पाइपातून येणाऱ्या याच गॅसवरचा, व्हॅट साडेतेरावरून 3 टक्क्यांवर आणला, तेवढा आधार मिळाला.

तुलना करायची तर उष्णतेची करा. एक सिलिंडर म्हणजे अंदाजे 18-19 घनमीटर पाइप गॅस. बिलावरचा घनमीटरचा दर 18.5 ने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. फरक बहुधा थोडाच निघेल. तरी मी पाइपच घेईन. वापराल तेवढ्याचेच पैसे, आणि पाहुणे बसलेले असताना शेगडी विझत नाही. भाड्याच्या घरात, सारखी बदली होणाऱ्यांना मात्र सिलिंडरच बरा.