व्हॉट्सॲप चॅनेल : बातमीचे साधन म्हणून किती विसंबावे?

ऐरोली, दिघा, कळवा या पट्ट्यात राहणाऱ्या आणि शिक्षणासाठी रोज ठाण्याला जाणाऱ्या माझ्या वयाच्या मुलामुलींपर्यंत बातमी पोहोचते ती बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून. घरी वर्तमानपत्र येत असले तरी ते आईवडील वाचतात. म्हणून या ॲपमधील ‘चॅनेल’ या सोयीचे परीक्षण केवळ बातमी आणि माहिती मिळवण्याचे साधन या एकाच दृष्टीने करत आहे. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिच्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागत नाही.

‘अपडेट्स’ या टॅबमध्ये आपण फॉलो केलेली चॅनेल दिसतात. ग्रुपपेक्षा हा प्रकार मुळातच वेगळा आहे. येथे फक्त चॅनेल चालवणारा लिहितो, वाचणाऱ्याला इमोजी देता येतो किंवा मतचाचणीत भाग घेता येतो, आणि एका वाचकाचा क्रमांक दुसऱ्या वाचकाला दिसत नाही. क्लासच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपमधून क्रमांक उचलून अनोळखी माणसे संदेश पाठवू लागली की त्याचा त्रास काय असतो, हे मुलींना वेगळे सांगावे लागत नाही. माझ्या दृष्टीने हा या सोयीचा मोठा गुण आहे.

त्याहून महत्त्वाचा गुण म्हणजे बातमीचा उगम कळतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणीच संदेश फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा घातली. मर्यादेने वेग कमी झाला, परंतु संदेश मुळात कोणी लिहिला, हा प्रश्न तसाच राहिला. चॅनेलवरील मजकूर पुढे पाठवला की त्याबरोबर त्या चॅनेलचा दुवा जातो, त्यामुळे शंका आली तर मूळ ठिकाणी जाऊन पाहता येते. मात्र कोणी स्क्रीनशॉट काढून पाठवला तर हा धागा तुटतो, आणि आपल्याकडे स्क्रीनशॉट फार पाठवले जातात.

या सोयीचा खरा उपयोग होतो तो माहिती जिथे जन्म घेते त्या संस्थेचे अधिकृत चॅनेल असेल तेव्हा. रविवारी ट्रान्स-हार्बर मार्गावर मेगाब्लॉक आहे का, पाणीपुरवठा कोणत्या भागात किती तास बंद राहणार, मुसळधार पावसाचा इशारा कोणत्या रंगाचा आहे, शाळा-महाविद्यालयांना सुट्टी खरोखर जाहीर झाली आहे का, या प्रश्नांची उत्तरे रेल्वे, महापालिका, हवामान विभाग आणि जिल्हा प्रशासन यांच्याकडेच असतात. सुट्टीचे जुने पत्र तारीख बदलून दर पावसाळ्यात फिरते. अशा वेळी ज्याने आदेश काढायचा त्याच्याच हातचा मजकूर वाचणे हाच सरळ मार्ग आहे. केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांसाठी पत्र सूचना कार्यालयाचा २०१९ मध्ये सुरू झालेला तथ्य-पडताळणी विभागही उपयोगी आहे. राज्याच्या किंवा महापालिकेच्या कारभाराबद्दलच्या अफवा मात्र त्याच्या कक्षेत येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

आता उणिवा. चॅनेल कोणीही काढू शकतो, त्यामुळे ‘ठाणे’ किंवा ‘नवी मुंबई’ हे नाव आणि एखादे बोधचिन्ह एवढ्यावरून ते अधिकृत मानता येत नाही. नावापुढची निळी खूण पाहावी, पण ती चालवणाऱ्याच्या ओळखीपुरती असते. मजकूर खरा असल्याची हमी ती देत नाही. सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे त्या संस्थेच्या संकेतस्थळावर दिलेल्या दुव्यावरूनच चॅनेल गाठणे.

जुनी माहिती शोधणाऱ्याची येथे निराशा होते. चॅनेलवरील मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर फार तर ३० दिवस राहतो आणि तेवढ्याच काळात चालवणारा त्यात फेरबदलही करू शकतो. पहिल्यांदा काय लिहिले होते, हे वाचकाला पाहता येत नाही. वर्तमानपत्र चुकीची दुरुस्ती छापते तेव्हा चूक आणि दुरुस्ती दोन्ही कायम राहतात, ती शिस्त येथे नाही. स्पर्धा परीक्षेसाठी चालू घडामोडींची टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच दुवा उघडून मूळ बातमी किंवा शासन निर्णय जपून ठेवावा.

वृत्तसंस्थांच्या चॅनेलबद्दल माझे मत आणखी सावध आहे. दोन ओळी आणि एक दुवा एवढेच तेथे असते, आणि लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारा माणूस त्या दोन ओळींवर थांबतो. जून २०२५ मध्ये कंपनीने ‘अपडेट्स’ टॅबमध्ये जाहिराती आणि पैसे भरून पुढे आणलेली चॅनेल दाखवण्याचे जाहीर केले, त्यामुळे यादीत वर दिसणारे चॅनेल विश्वासार्ह असेलच असे समजू नये.

माझी शिफारस मर्यादित आहे. महापालिका, रेल्वे, हवामान विभाग आणि आपल्या विद्यापीठाचे अधिकृत चॅनेल असल्यास ते फॉलो करावे. फॉलो केल्यावर सूचना बंदच असतात, तेव्हा या मोजक्या चॅनेलच्या सूचना आठवणीने सुरू कराव्यात. बातम्यांसाठी एक-दोन वृत्तपत्रांची चॅनेल पुरेशी आहेत, आणि त्यांच्या सूचना बंदच राहू द्याव्यात.