गावच्या घराचं छप्पर: साग, ऐन-किंजळ, जुनं लाकूड, बांबू की सरळ स्लॅब?

पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरताना स्लॅबच्या घरांच्या डोक्याकडे बघा. गच्चीवर लोखंडी सांगाडा आणि त्यावर निळा किंवा लाल पत्रा. आधी स्लॅब घालायचा, तीन-चार पावसाळे गळती सोसायची, वॉटरप्रूफिंगवाल्याला दोनदा पैसे द्यायचे आणि मग वरून उतरतं छप्पर करायचं. म्हणजे उतरतं छप्पर टळत नाहीच, त्याआधी स्लॅबचा खर्च तेवढा होऊन जातो.

मी स्वतः जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंतींवर लाकडी छपराचं घर बांधलं आणि त्यात चुकाही भरपूर केल्या. तेव्हापासून ओळखीतलं कुणी गावी घर काढायला निघालं की फोन येतो: लाकूड घेऊ का, कुठलं घेऊ, आणि झाडं तोडून घर बांधणं बरं दिसतं का? हजारेक चौरस फुटांचं, तळमजल्याचं घर डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. हजार चौरस फुटांवर पाच इंची स्लॅब म्हणजे ११-१२ घनमीटर काँक्रीट, त्यात चार टनांच्या आसपास सिमेंट आणि टनभर सळई. हे तयार होताना ढोबळमानाने पाच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेवढ्याच घराच्या कौलारू छपराला मी साधारण ३ घनमीटर, म्हणजे शंभर-सव्वाशे घनफूट लाकूड धरतो. सुक्या लाकडाच्या वजनातलं निम्मं कार्बनच असतं. झाडाने हवेतून घेतलेला चारेक टन कार्बन डायऑक्साइड या वाशा-तुळयांत अडकून राहतो, लाकूड कुजेपर्यंत किंवा जळेपर्यंत. कौलं भाजायला इंधन लागतं, ते यातून वजा करा. तरी पारडं लाकडाकडेच झुकतं.

पण एक अट आहे. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड उभं राहायला हवं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं आहे, बहुतेक डोंगर खाजगी मालकीचे. जळणासाठी आणि कोळशासाठी अख्खा डोंगर साफ होतो, त्यातले चार सरळ ओंडके बाजूला काढून कुणी तुमच्या घराला दिले तर त्या घराला पर्यावरणपूरक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फुटवा येऊ देणाऱ्या, निवडून चार झाडं काढणाऱ्या मालकाकडून घेतलेलं ऐन किंवा किंजळ, म्हणजे इथल्याच रानातल्या झाडांचं लाकूड, मात्र चालेल. शिवाय सागासह अनेक झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला वन खात्याची परवानगी लागते आणि माल हलवायला वाहतूक पास. विकणाऱ्याकडे पास मागा. तो टाळाटाळ करू लागला तर लाकूड कुठून आलं ते समजून जा.

साग

सगळ्यांना हवा असतो तो हाच. बल्लारशाच्या सागाचं नाव तर एवढं की अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली तिथूनच लाकूड गेलं. सागाच्या गाभ्यात तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि बुरशी सहसा फिरकत नाही. हवेतला ओलावा बदलला तरी तो फारसा फुगत-आक्रसत नाही, म्हणून दारं-खिडक्यांना त्याच्यासारखं दुसरं लाकूड नाही. पण हे गुण गाभ्याचे. आज वखारीत मिळणारा बराचसा साग आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा, पंधरा-वीस वर्षांच्या झाडांचा असतो आणि त्यात बाहेरचा फिकट भाग भरपूर. तो भाग वाळवी आंब्याच्या फळीइतक्याच आवडीने खाते. फळीचं टोक बघा, रंगातला फरक लगेच कळतो. पॉलिश चढल्यावर कळत नाही, आणि म्हणूनच पॉलिश केलेला माल घेऊ नये.

छपराला साग वापरायची गरज मला वाटत नाही. वाशाचं काम वजन पेलायचं. पाचरीसारखं घट्ट बसायचं काम चौकटीचं. सगळ्यांत महाग लाकूड कौलांखाली अंधारात का घालायचं?

ऐन आणि किंजळ

कोकणातल्या जुन्या घरांचे वासे, आढी, तुळया बघा. बहुतेक ऐन, किंजळ, कुठे नाना, कुठे फणस. ऐन सागापेक्षा पुष्कळ जड आणि ताकदीला जबरदस्त. सागापेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि लांबून आणावं लागत नाही. मग अडचण काय? सुकताना छळतं. तडकतं, पिळतं, वाकतं.

माझी मोठी चूक इथली. मार्चमध्ये कापलेलं ऐन मी मेमध्ये स्वयंपाकघराच्या चौकटींना लावलं, कारण सुताराला वेळ तेव्हाच होता. गणपतीत दारं लागेनात, आणि शिमग्याला त्याच चौकटीच्या फटीतून बोट जायला लागलं. त्याच लाकडाचे वासे मात्र आजही ठणठणीत आहेत. वासा थोडा पिळला तरी कौलाला काही फरक पडत नाही. तेव्हा ऐन-किंजळ छपराला घ्या, चौकटीला नको. चिरून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत निदान सहा-आठ महिने रचून ठेवा. ओलावा मोजायचं खिशातलं यंत्र मिळतं. वाशांना २० टक्क्यांच्या आत आणि चौकटींना १५ च्या आत आकडा आला की हात लावा. जुने लोक ओंडके महिनोन्महिने पाण्यात बुडवून ठेवत. त्याने लाकडातली साखर आणि पिष्ट धुऊन जातं, मग भुंगा लागत नाही. ती अंधश्रद्धा नव्हती.

जुनं लाकूड

माझं मत आधीच सांगतो: शक्य असेल तर हेच. पुण्या-सांगली-कोल्हापूरकडचे वाडे पाडले जातात, कोकणातली पडकी घरं उतरवली जातात, आणि त्यातल्या तुळया-खांब वखारींत येतात. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडे किंवा मुंबईत रे रोड-दारूखान्याच्या बाजूला चौकशी करा. गावाजवळ एखादं घर उतरवलं जात असेल तर अधिकच उत्तम. शंभर वर्षं सुकलेलं लाकूड आता काय पिळणार? आणि नवीन झाड एकही पडत नाही.

पण घेताना डोकं शाबूत ठेवावं लागतं. हातोडीने ठोकून बघा: भरीव लाकूड खणखणतं, आतून पोखरलेलं भदभदतं. भिंतीत गाडलेली टोकं सर्वांत आधी कुजतात, तिथे चाकू खुपसून पाहा. दोन्ही टोकांकडून फूट-फूट कापून टाकावं लागेल हे भाव करतानाच धरा. खिळे असतातच. सॉमिलवाला पात्याची भीती घालून चिराईचे जास्त पैसे मागतो आणि त्याचं म्हणणं खरं असतं. खिळे काढायला एक माणूस दोन दिवस बसवा. मोजमाप यादीवरून नको, स्वतः टेप लावून घ्या. नक्षीच्या खांबांच्या फंदात पडू नका. ते हॉटेलवाल्यांसाठी असतात आणि भावही त्यांच्याच खिशाला मानवणारे.

खरी मेख वेगळीच आहे. जुन्या तुळया ठरावीक लांबीच्या मिळतात, दहा-बारा फूट हाताला लागतात, सोळा क्वचित. आर्किटेक्टने अठरा फुटांची बैठक काढून ठेवली असेल तर जुनं लाकूड तिथेच बाद होतं. म्हणून नकाशा काढायच्या आधी लाकूड घ्या. हातात काय आहे ते बघून खोल्यांची रुंदी ठरवा. जुन्या घरांतलं माजघर आणि पडवी त्या मापाची का असायची, ते मला माझ्या तुळया मोजताना कळलं.

पाइन

न्यूझीलंडचा पाइन कांडला बंदरातून येतो, गांधीधामला चिरला जातो आणि सगळीकडे स्वस्तात मिळतो. लागवडीचा असतो, म्हणून जंगलाचा प्रश्न कमी. पण रसायन दाबून भरलेलं नसेल तर कोकणातल्या वाळवीला आपण ताट वाढतोय. आतल्या कपाटांना ठीक, छपराला नको.

बांबू

सिंधुदुर्गातला माणगा हा भरीव बांबू, बिनकाट्याचा. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून बाहेर पडला, त्यामुळे तोडणी-वाहतुकीची कटकटही सरली. तीन-चार वर्षांची काठी तोडायची आणि तीही पाऊस संपल्यावर, थंडीत. कोवळी किंवा पावसात तोडलेली काठी भुंगा वर्षभरात पिठासारखी करून टाकतो. बोरॅक्स-बोरिकच्या द्रावणात मुरवली की भुंगा टळतो. मात्र हे द्रावण पाण्याने धुऊन जातं, म्हणून भिजणाऱ्या जागी त्याचा भरवसा नाही. पडवी, गोठा, पाहुण्यांची खोली यांना माणगा देखणा दिसतो. मुख्य घराला घ्यायचा तर बांबूचे सांधे येणारा कारागीर आधी शोधा. नुसता सुतार चालत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी जाता जाता: फळ्या एकमेकींना चिकटवून केलेल्या जाड लाकडी तुळयांच्या आणि पॅनेलांच्या इमारती परदेशात उंच उंच चालल्यात. नॉर्वेतली म्योस्टॉर्नेट ८५ मीटरची, २०१९ ची. अमेरिकेत मिलवॉकीची असेंट २५ मजल्यांची, २०२२ ची. आपल्या गावच्या घराला तो माल लांबून मागवणं म्हणजे आंब्याची पेटी विमानाने देवगडला नेणं.

लोखंड

हे वाचून वाटेल की मी लोखंडाच्या विरोधात आहे. तसं नाही. स्वतःला एक प्रश्न विचारा: घरात वर्षभर माणूस राहणार का? लाकडी-कौलारू घराला राहतं माणूस लागतं. माकडं कौलं फोडतात, एक कौल सरकतं, पाणी एकाच वाशावर ठिबकत राहतं, आणि चाकरमानी गणपतीला येतो तोवर त्या वाशाचं टोक गेलेलं असतं. पूर्वी चुलीचा धूर छपराला लागायचा, लाकूड कोरडं राहायचं आणि किडेही लांब राहायचे. गॅस आल्यावर ते संपलं. घर दहा महिने बंद राहणार असेल तर गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) टाका, वर कौलं किंवा पत्रा घाला आणि लाकूड दारं-खिडक्यांपुरतं ठेवा. किनाऱ्यालगत खारं वारं असेल तर साध्या लोखंडाला गंज लवकर लागतो, तिथे रंगकामाचा खर्च दर दोन-तीन वर्षांनी धरा. मोठ्या लांबीच्या बैठकीलाही मी लोखंडच सुचवतो.

आगीची भीती बहुतेकजण घालतील. जाड लाकूड वरून कोळसा होत सावकाश, अंदाजाने मिनिटाला पाऊण मिलिमीटरपेक्षा कमी जळतं आणि आतला भाग वजन पेलत राहतो. उघडं लोखंड सहाशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतं. पातळ रिपा आणि प्लायचं छत मात्र भराभर पेटतं. तेव्हा वायरिंग लाकडावरून नेऊ नका, पाइपातून न्या.

वादळाचा मुद्दा जास्त खरा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागकडे आलं तेव्हा पत्रे उडाले आणि कौलंही. छप्पर लाकडाचं की लोखंडाचं, याहून ते भिंतीला बांधलेलं होतं का, यावर बरंच अवलंबून असतं. भिंतीवरच्या आडव्या लाकडाला चिऱ्यात खोल रोवलेले बोल्ट हवेत, वासा त्या लाकडाला पट्टीने जखडलेला हवा, आणि कडेच्या व आढ्याजवळच्या ओळींतली कौलं तारेने बांधलेली हवीत.

तुमचा निर्णय लाकडाचा झाला तर उतार फुटाला सहा-सात इंच ठेवा, पागोळ्या भिंतीपासून अडीच-तीन फूट लांब पडू द्या, खांब जमिनीत न गाडता तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर उभे करा आणि भिंतीत जाणाऱ्या टोकांभोवती हवेला बोटभर जागा सोडा. मंगळुरी कौलांचे कारखाने एकेक करून बंद होत आलेत, म्हणून लागतात त्याहून दोनेकशे कौलं जास्त घेऊन पडवीत रचून ठेवा.

मी आज पुन्हा बांधलं तर खोल्या दहा-बारा फुटी ठेवून जुन्या तुळया आणि खांब, ऐनाचे वासे, सागाच्या चौकटी, पडवीला माणगा, आणि बाथरूमवर तेवढा छोटा स्लॅब, कारण टाकी कुठेतरी ठेवावीच लागते. लाकूड दिवाळीला घ्यायचं, वर्षभर सुकवायचं, आणि सुताराला पुढच्या शिमग्यानंतरची तारीख आत्ताच सांगून ठेवायची. एप्रिल-मेमध्ये गावातला प्रत्येक चांगला सुतार दुसऱ्याच्या छपरावर असतो.