हेल्मेटचा पट्टा बांधता न येणारा ‘आंतरराष्ट्रीय कोच’ आणि माझे ८७,६४९ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गेले दोन महिने मी तो लोकांना खोटा सांगतोय. मित्रांना ‘पन्नासेक हजार’, बायकोला ‘तीसेक’. मोटरसायकल रेसिंग शिकवण्याच्या बोगस कोच कोर्समध्ये गेलेला खरा आकडा ८७,६४९. आता बायकोही वाचेल, वाचू दे.

मी सांगलीचा. कुपवाड रोडला गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. आरएक्स १०० आणि शोगनच्या जमान्यात माळावरच्या डर्ट रेस मारल्यात, कॉलरबोन दोनदा मोडून घेतलंय. म्हणजे गाडीतलं कळत नाही म्हणून फसलो, असं मला म्हणताही येत नाही. तेच जास्त लागतंय.

दोन वर्षांपासून रविवारी सकाळी सहा-सात पोरं माझ्याकडे रेसिंग शिकायला येतात. माधवनगरच्या पुढे ओळखीच्या माणसाचा मोकळा प्लॉट आहे, तिथं टायर मांडून शिकवायचो. पोरं खूश होती. पण आई-बाप गाडीतून उतरले की पहिला प्रश्न ठरलेला, “सर, तुमच्याकडे काही सर्टिफिकेट आहे का हो?” नाही म्हणताना दर वेळी कानकोंडं व्हायचं. माझ्या या दुखऱ्या जागेवरच त्या कोर्सवाल्यांनी बोट ठेवलं.

व्हॉट्सअॅपवर जाहिरात आली. ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त मोटरसायकल स्पोर्ट कोच, लेव्हल वन, फक्त बारा जागा.’ पुढची पद्धत तुम्हाला माहीतच आहे, एकदम कुणी मोठी रक्कम मागत नाही. रजिस्ट्रेशन ४,९९९. मग कोर्स फी ३८,५००. प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी गेटवरच किटचे १२,४००, त्यात एक जर्सी, एक शिट्टी आणि एक फाईल. नंतर असेसमेंटचे २२,००० आणि शेवटी ‘कोच इन्शुरन्स’चे ९,७५०. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं भरलंय, आता थोडक्यासाठी कशाला मागं फिरायचं.

आता ती सकाळ. रोज रात्री झोपताना डोळ्यांसमोर येते.

मिरजेच्या पुढं भाड्यानं घेतलेलं मैदान. आम्ही बाराजण रांगेत उभे. इचलकरंजीचा एकजण तर मुलाला घेऊन आलेला. ‘सिनियर ट्रेनर’ आले. पांढरी स्टिकरवाली जर्सी, काळा गॉगल. डेमो देण्यासाठी हेल्मेट घातलं आणि पट्टा बांधायला लागले. रेसिंगच्या हेल्मेटला क्लिप नसते, दोन लोखंडी कड्या असतात, डबल डी-रिंग. पट्टा दोन्ही कड्यांतून काढायचा आणि उलटा फिरवून एकीतूनच परत आणायचा. माझ्या गॅरेजमधलं सोळा वर्षांचं पोरगं हे डोळे मिटून करतं. हा माणूस पट्टा एकदा घालतोय, ओढतोय, निसटतोय. परत घालतोय. शेवटी त्यानं काय करावं? हनुवटीखाली गाठ मारली. शेतकरी वैरणीच्या भाऱ्याला मारतो तशी.

मी बघितलं. अगदी चार फुटांवरून बघितलं. आणि मनात म्हणालो, ‘नवीन हेल्मेट असेल.’

त्या वेळेपर्यंत माझे ५५,८९९ गेले होते. तिथून गाडीला किक मारून घरी आलो असतो तर उरलेले ३१,७५० तरी वाचले असते. पण समोर अकराजण माना डोलावत होते आणि मी एकटाच उठून काय बोलणार? शिवाय माणूस बोलायला गोड होता. मला ‘दादा, तुमच्यासारखे अनुभवी लोक पाहिजेत’ म्हणाला. स्तुती कुणाला नको असते?

दोन दिवसांत शिकवलं काय, तेही ऐका. प्रथमोपचार दहा मिनिटं. इन्स्टाग्रामवर रील कशी काढायची आणि पालकांना ‘पॅकेज’ कसं विकायचं, हे दीड तास. लहान मुलांच्या गाडीला थ्रॉटल अडवणारा स्क्रू असतो, पोरगं किती पिळेल त्याला मर्यादा घालतो. त्याचं नावसुद्धा नाही. मनगटाला दोरीनं बांधायचा, पडताच इंजिन बंद करणारा किल स्विच, तोही नाही. जंपच्या पलीकडे पडलेला माणूस मागच्याला दिसत नाही, म्हणून तिथं झेंडा घेऊन माणूस उभा करायचा, तेही नाही. डोक्याला मार लागलेलं पोर कितीही ‘मी बरा आहे’ म्हणालं तरी त्या दिवशी परत गाडीवर बसवायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. हे मला माझ्या पडण्यातून माहीत होतं. त्याला नव्हतं. उलट म्हणाला, मुलं घरून मैदानापर्यंत गाडी चालवत आली तरी चालेल, सराव होतो. अहो, अल्पवयीन पोराच्या हातात रस्त्यावर गाडी दिली तर पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, २०१९ पासून. हे आता इथं एवढं ठणकावून लिहितोय, तेव्हा मात्र गप्प बसलो.

सर्टिफिकेट कुरिअरनं आलं. सोनेरी किनार, कोपऱ्यात क्यूआर कोड. स्कॅन केला की हिरवी टिक आणि माझा फोटो. मी तर भारावलो. ती साइट त्यांचीच होती, हिरवी टिकही त्यांचीच. कागदावरच्या कोडवरून किंवा कागदावरच्या नंबरवरून कधीच खात्री करू नका, चोराला चोरीचं विचारल्यासारखं आहे ते. आपल्याकडे मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय बघते, चेन्नईची. ती जगाच्या मोटरसायकल महासंघाला, एफआयएमला जोडलेली आहे, जो १९०४ पासून आहे. त्यांचा पत्ता स्वतः शोधून, पैसे भरायच्या आधी, लेखी विचारा. मी विचारलं ते सगळं उरकल्यावर. त्या नावाची संस्था आम्हाला माहीत नाही, एवढंच उत्तर आलं. एका ओळीचा मेल होता, फुकटचा.

विचारायची वेळ का आली, तेही सांगतो. सर्टिफिकेट आल्यावर मी गॅरेजवर फ्लेक्स लावला. सहा पालकांनी प्रत्येकी ३,५०० भरले. तिसऱ्या रविवारी एक पोरगा वळणावर घसरला, मनगटाला बारीक फ्रॅक्चर. वडील भले माणूस, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाले, “विम्याचं कसं करायचं, सर?” मी छाती काढून ९,७५० चा कागद घेऊन विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी दोनदा टाइप करून बघितलं आणि म्हणाल्या, या नंबरची पॉलिसीच नाही. मागं रांग होती. मला बाजूला सरकायला सांगितलं.

डॉक्टरचं बिल मी दिलं, सहाही जणांचे २१,००० परत केले. हे त्या ८७,६४९ मध्ये धरलेले नाहीत.

आता पोलीस. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर फोन केला, पण शेवटचे पैसे देऊन एक्केचाळीस दिवस झाले होते. त्या नंबरचा खरा उपयोग पहिल्या तासा-दोन तासांत, तोवर खात्यातले पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त असते. तुम्ही तरी लगेच करा. मग पोलीस ठाण्यात गेलो. तिथं म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही माणसाला प्रत्यक्ष भेटलात, दोन दिवस त्याच्याकडे जेवलात, हे सायबर कसं? परत ठाण्यात. तिथं आता दुसरे साहेब. म्हणाले मैदान मिरजेकडचं, तिकडच्या हद्दीत द्या. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिकडच्यांनी फाईल उघडून सर्टिफिकेट हातात घेतलं, उजेडाला धरून बघितलं आणि विचारलं, “कोर्स झाला ना? सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कुठं? दिवाणी मॅटर आहे हे.” एक हवालदार तर हसून म्हणाला, “कोच साहेब, आमच्या पोराला शिकवा की.” सात खेपा घातल्या. सातव्या खेपेला साहेब बंदोबस्ताला गेलेले. झेरॉक्सवाला आता मला नावानं ओळखतो.

शेवटी वकील मित्रानं सांगितलं ते केलं. ठाण्यानं घेतलं नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टानं पाठवता येतो, तशी तरतूद कायद्यातच आहे. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८. ग्राहक आयोगातही जाता येतं. दोन वर्षांच्या आत जायचं, पाच लाखांपर्यंत फी नाही. माझं चुकलं ते हे की अर्ध्या पावत्या व्हॉट्सअॅपवर होत्या आणि त्यांनी ग्रुपच उडवला. स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा.

अधीक्षकांच्या नावाचा अर्ज पोस्टानं गेलाय, पावती जपून ठेवली आहे. त्या बॅचमधल्या उरलेल्या अकराजणांपैकी कुणी हे वाचत असेल तर रविवारी दहानंतर गॅरेजवर या. लाज बाजूला ठेवा, मीही ठेवली. पावत्या आणि ती शिट्टी घेऊन या, बारा जणांच्या सह्यांचा एकच अर्ज करू. आणि इचलकरंजीच्या दादा, तुमच्या मुलाला त्या माणसानं गाठ मारून दिली होती ते हेल्मेट घेऊन या. पट्टा कसा बांधायचा ते मी दाखवतो.