नवी जात की नुसती व्हरायटी?
पेडण्याच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) पावसात फिरताना आमचा नेहमीचा वाद, वेगळा लव्हाळा दिसला तर नवी जात म्हणायची की जुन्याचीच व्हरायटी, म्हणजे त्याच जातीतला जरा वेगळा गट. मी व्हरायटीवाला. उंची कमी, कणसं जरा लालसर, एवढ्यावर जात कशी होणार, कातळावर माती इंचभर असली की तेच झाड खुजं राहतं ना! जातीसाठी फळाचा आकार, स्टिग्मा (फुलातली परागकण झेलणारी टोकं) दोन की तीन असले पक्के फरक हवेत आणि मधले नमुने सापडायला नकोत. कागदोपत्री काम दोन्हीकडे सेमच, टाइप नमुना (ज्यावरून नाव दिलं ते झाड) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात ठेवा, वर्णन छापा (२०१२ पासून लॅटिनऐवजी इंग्रजी चालतं, सुटलो). जातीचं नाव दोन शब्दांचं, व्हरायटीत तिसरा जोडायचा, लेबलवर मावत नाही एवढीच कटकट.