६८ लाखांचा रंग

गोव्यातल्या बार्देशातलं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जुनं घर, ‘संपूर्ण नूतनीकरण केलेलं’, ६८ लाखांना घेतलं. पहिला पावसाळा सरेपर्यंत दुरुस्तीचा आकडा ९,४०,००० झाला. त्यातले ३,१०,००० एकट्या छपराचे. आम्ही आंधळेपणाने पैसे मोजले नव्हते. वकील होता, फॉर्म १ व १४ (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा उतारा) तपासला होता, घरपट्टीच्या पावत्या पाहिल्या होत्या. कागद चोख होते. लबाडी गिलाव्याखाली होती, आणि गिलावा फोडून बघू देणारा विकणारा कुठे भेटतो?

तरी न्हाणीतला तो क्षण अजून जळतो. नव्या टाइलवर टिचकी मारली तर डबडब आवाज आला, तोही चार-पाच ठिकाणी. दलाल म्हणाला, “माल नवा आहे ना, सुकला की बसेल.” सुकून टाइल कधी बसत नाही! पोकळ वाजली म्हणजे बहुधा खाली मसाला नाही, किंवा जुन्या टाइलवरच नवी डकवली आहे. दुसरी खूण तर पायाखालीच होती: न्हाणीची जमीन वर येऊन उंबरठा बोटभर उरला होता. वॉटरप्रूफिंग केलंच नव्हतं. नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं भोक) बंद करून, दोन इंच पाणी २४ तास तुंबवून ठेवा आणि पलीकडच्या भिंतीचा पाया बघा. विकणारा नाही म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

भिंतींचं पाप याहून मोठं. चिरा सच्छिद्र, जमिनीतली ओल वर खेचतो. जुन्या घरांत बहुधा ओलरोधक थर नसतो, पण चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. कंत्राटदाराने चुना खरवडून सिमेंट मारलं, वर पुट्टी, वर प्लास्टिक पेंट. ओलीला वाट उरली नाही. ती आणखी वर चढली आणि जुलैत खाराने पुट्टीचे पापुद्रे काढले. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली टाइलची पट्टी) नेहमीच्या चार इंचांऐवजी फूटभर उंच दिसली, किंवा भिंतीला खालून पीव्हीसी पॅनल दिसले, तर सजावट समजू नका. कपाट हलवून मागची भिंत बघा.

छपराला पीओपीचं फॉल्स सीलिंग होतं. त्यावर वाळवीने पोखरलेले वासे, भोकांत पुट्टी, वरून पॉलिश. मंगळुरी कौलंही बदलली नव्हती, नुसती लाल रंगवली होती. सीलिंगमध्ये लाइटसाठी कापलेलं एक भोक उघडायला लावा, टॉर्च घ्या, भिंतीवर टेकणाऱ्या वाशाच्या टोकात स्क्रूड्रायव्हर टोचा. वाळवी आणि ओल दोन्ही बहुधा तिथेच सापडतात.

वायरिंगची तीच कथा: मॉड्युलर स्विच नवे, मागे जुनी वायर. गीझर-एसीला ४ स्क्वेअर एमएमची वायर लागते, इथे दीडची. दोन बोर्ड खोलून बघा, अर्थिंगची हिरवी वायर खरंच जोडली आहे का ते पाहा. आरसीसीबीचं (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबायला पैसे पडत नाहीत.

आणि तक्रार? पोलीस म्हणाले, दिवाणी बाब. दुसऱ्या खिडकीवर ऐकवलं की रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातली पाच वर्षांची दोषदुरुस्ती प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर, बंधनकारक आहे, तुमचा विक्रेता प्रवर्तक नाही. तिसरीकडे: दुरुस्तीला परवानगी होती, दर्जा आम्ही बघत नाही. मग बघतं कोण? परवानगीची फी घ्यायची तेवढी सगळ्यांना ठाऊक! मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की नेहमीच्या काळजीने न दिसणारा, स्वतःला माहीत असलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगायलाच हवा. पण त्याला तो माहीत होता, हे सिद्ध करायचं आपण, कोर्टात, आपल्या खर्चाने. म्हणून तोडफोड करण्याआधी तारखेसह फोटो काढा, स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. आमचा अहवाल १८,००० ला पडला. खरेदीआधी घेतला असता तर घासाघीस तरी झाली असती.

घर बघायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये, सकाळपासून खिडक्या बंद ठेवायला सांगून. मार्चमध्ये गोव्यातली सगळीच घरं कोरडी असतात. विक्रीपत्रात नूतनीकरणाची तारीख, कंत्राटदाराचं नाव आणि सामानाची बिलं जोडायला लावा. वकील म्हणेल, अशी पद्धत नाही. तरी लावा.