चतुरांच्या छायाचित्रणासाठी क्लोजअप लेन्स: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

५५-२५० मिमी झूमच्या पुढच्या आट्यांवर कॅननची ५००डी क्लोजअप लेन्स बसवून मी गेल्या जूनपासून कोल्हापूरच्या तलावांवर चतुरांची (ड्रॅगनफ्लाय या कीटकांची) छायाचित्रे काढत आहे. चतुरांपुरते बोलायचे तर १:१ प्रमाण देणाऱ्या, म्हणजे सेन्सरवर वस्तूच्या मूळ आकाराएवढी प्रतिमा पाडणाऱ्या मॅक्रो लेन्सपेक्षा ही जोडी मला अधिक उपयोगाची वाटते. (याच नावाचा कॅमेराही असल्यामुळे दुकानात ‘फिल्टरसारखी लावायची लेन्स’ असे स्पष्ट सांगावे.)

याचे कारण अंतर हे आहे. या लेन्सचे नाभीय अंतर ५०० मिमी असल्यामुळे मूळ लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला की अर्ध्या मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते, मग झूम कितीही असो. उलट १०० मिमीची मॅक्रो १:१ वर नेली की भिंग आणि कीटक यांच्यात वीतभरही जागा उरत नाही, आणि जवळजवळ सर्व दिशांना पाहू शकणारा चतुर तेवढ्या जवळिकीला सहसा थांबत नाही. शिवाय एवढ्या मोठ्या प्रतिमेची गरजही नसते. २५० मिमीला या जोडीने निम्म्या आकाराची प्रतिमा मिळते, म्हणजे माझ्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी (सुमारे २२ मिमी रुंदीच्या) सेन्सरच्या चौकटीत सुमारे ४५ मिमी रुंदीचा भाग येतो. पावसाळ्यात थव्यांनी दिसणारा वांडरिंग ग्लायडर जातीचा चतुर साधारण तेवढाच लांब असतो. पसरलेले पंख पूर्ण हवे असतील, तर झूम कमी करून फोकस किंचित सुधारला की काम होते.

खरी कसोटी स्पष्टतेच्या खोलीची, म्हणजे पुढेमागे किती जाडीचा भाग स्पष्ट येतो याची आहे. एफ/११ इतक्या लहान छिद्राला देखील ती दोन मिलिमीटरच्या आसपासच राहते, त्यामुळे कॅमेरा चतुराच्या शरीराला समांतर धरणे हे छिद्र आणखी लहान करण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते. ऑटोफोकस चालतो, पण चाचपडतो. मी तो बंद ठेवून स्वतःच इंचभर मागेपुढे सरकतो. रंकाळ्याच्या काठावरचा नारिंगी डिच ज्युवेल जातीचा चतुर उडाला तरी बहुधा त्याच काडीवर परततो, म्हणून त्याच्यामागे धावण्याऐवजी काडीवर आधीच फोकस करून, आपली सावली तिच्यावर पडणार नाही अशा बेताने बसून राहावे. कळंबा तलावावर थंडीतल्या सकाळी तर अंग तापेपर्यंत चतुराला उडताच येत नाही. त्या वेळी तिपाईही लावता येते.

मर्यादाही आहेत. लेन्स लावलेली असताना दूरचे काहीच टिपता येत नाही, त्यामुळे समोर खंड्या येऊन बसला तरी आटे फिरवत राहावे लागते. आषाढातल्या दमट हवेत दोन काचांच्या मध्ये बाष्प धरते. डोळ्यांतले सूक्ष्म पैलू दाखवायचे असतील, तर खरी मॅक्रोच घ्यावी. बाजारातली एकाच भिंगाची स्वस्त क्लोजअप लेन्स मात्र पंखांच्या शिरांभोवती जांभळ्या-हिरव्या कडा आणते. ५००डी मध्ये दोन भिंगे जोडलेली असल्याने हा दोष फारच कमी जाणवतो, आणि जास्तीची किंमत त्यासाठीच मोजायची असते.