प्रवासात मुलांसाठी काय घ्यावं: कागद, पडदा की आवाज?

प्रवासाची बॅग भरायला घेतली की कपड्यांचं दहा मिनिटांत ठरतं, पुस्तकांचं ठरत नाही. थोरला दहा वर्षांचा आहे. हाताला लागेल ते वाचतो, पण बहुतेक सगळं शाळेच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत. धाकटी सहा वर्षांची. तिला अक्षरं ओळखता येतात, जोडाक्षर आलं की थांबते. घरात आम्ही मराठी बोलतो. गेल्या काही उन्हाळ्यांत छापील पुस्तकं, ई-रीडर, टॅबलेट आणि ऑडिओबुकं असं सगळं करून पाहिलं. सुट्टीच्या तोंडावर तुम्हीही याच विचारात असाल, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. कोणतं साधन घ्यायचं हा दुसरा प्रश्न आहे. आपलं मूल नेमकं कुठे अडतंय, हा पहिला.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची एक साधी मांडणी केली. पालक म्हणून मला ती फार उपयोगी पडली. वाचलेलं समजणं हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे, असं ते म्हणतात. अक्षरांवरून शब्द लावता येणं ही एक, आणि तीच भाषा कानावर पडली तर समजणं ही दुसरी. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती काही लागत नाही.

मराठीपुरतं बघितलं तर माझी दोन मुलं या गुणाकाराच्या दोन टोकांना आहेत. धाकटीला सांगितलेल्या गोष्टीतलं सगळं कळतं, तिचं अडतं ते अक्षरांपाशी. थोरला मराठीचं पान न अडखळता वाचून दाखवतो, पण ‘खिंड’ म्हणजे काय, ‘पाणवठा’ म्हणजे काय, ‘झुळूक’ कशाला म्हणतात, हे त्याला माहीत नसतं. विचारतही नाही, पुढे जातो. मी मात्र बरीच वर्षं लहान म्हणून फक्त तिला वाचून दाखवत होते आणि मोठा म्हणून त्याच्या हातात पुस्तक देऊन मोकळी होत होते. खरी गरज उलटी होती. तिला स्वतः बोट ठेवून वाचायला कागद हवा होता, आणि त्याला ऐकायला कुणाचा तरी आवाज.

तुमच्या मुलाचं काय आहे हे ओळखायला पाच मिनिटं पुरतात. एक पान त्याला मोठ्यानं वाचायला सांगा, मग त्याच तोडीचं दुसरं पान तुम्ही वाचून दाखवा, आणि दोन्हींत काय झालं ते त्याला त्याच्या शब्दांत सांगायला सांगा. तुम्ही वाचलेलं कळलं आणि स्वतः वाचलेलं कळलं नाही, तर अडचण अक्षरांची आहे. दोन्ही कळलं नाही, तर भाषेची.

चालत्या गाडीत

इथे फार तुलना करावी लागत नाही. रस्त्यावरच्या गाडीत पान आणि पडदा दोन्ही वाईट. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतो आहोत, वळतो आहोत. स्थिर पानावर खिळलेले डोळे सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. या विसंगतीतून गाडी लागते. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास क्वचित होतो, साधारण सहा ते बारा या वयात तो सगळ्यात जास्त, म्हणजे मूल नुकतं वाचायला लागतं नेमक्या त्याच वयात. घाटवळणांवर चित्रांचं पुस्तक हातात देऊन मी एकदा धाकटीचा सगळा दिवस घालवला आहे. टॅबलेटवरच्या हलत्या चित्रांनी यातून सुटका होत नाही, कारण डोळे खाली ते खालीच राहतात.

तेव्हा गाडीत फक्त आवाज, आणि नजर खिडकीबाहेर, शक्यतो लांब क्षितिजाकडे. रेल्वेचं निराळं. रूळ सरळ असतील आणि गाडीच्या दिशेनं तोंड करून बसायला मिळालं तर पुष्कळ मुलं आरामात वाचतात. विमानातही वाचता येतं. तिथली अडचण आवाजाची आहे, ती पुढे सांगते.

कागद आणि पडदा

छापील पुस्तकाची बाजू घेताना मला आठवणींचा आधार घ्यावा लागत नाही, अभ्यास पुरेसे आहेत. डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. वाचकांची एकूण संख्या एक लाख सत्तर हजारांहून अधिक होती. कागदावर वाचलेलं पडद्यावरच्यापेक्षा जास्त समजतं, असं त्यातून दिसलं. पण एक बारकावा आहे, आणि सुट्टीच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा. हा फरक माहितीपर मजकुरात दिसला. निव्वळ गोष्ट असेल तर तसा फरक आढळला नाही. म्हणजे दहा-बारा वर्षांचं मूल ई-रीडरवर कादंबरी वाचत असेल तर त्याचं काही बिघडतंय असं समजू नका. प्राणी, ग्रहतारे, यंत्रं अशा विषयांची पुस्तकं मात्र कागदावरच न्या.

लहानांचं चित्र वेगळं आहे. एक ते आठ वर्षांच्या मुलांवरचे ३९ अभ्यास फुरेनेस, कुचिर्कोवा आणि बुस यांनी २०२१ साली एकत्र तपासले. तीच गोष्ट नुसती पडद्यावर आणली तर मुलांना कागदावरची जास्त कळते. पडद्यावरची सोय गोष्टीच्या ओघाला जोडलेली असेल, प्रसंग उलगडून दाखवणारी असेल, तर पडदा कागदाच्या पुढेही जातो. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ सांगणाऱ्या सोयीनं शब्द वाढतात, पण गोष्ट समजायला तिची मदत होत नाही. प्रत्यक्षात पाहायला मिळतात ती बरीचशी ॲप टिचकी मारली की बेडूक उडवणारी असतात आणि त्या बेडकाचा गोष्टीशी संबंध नसतो. धाकट्यांसाठी टॅबलेट घ्यायचाच असेल तर आधी ते ॲप स्वतः उघडून शेवटपर्यंत बघा.

वजनाच्या बाबतीत ई-रीडर बिनतोड आहे. सहा-सात इंची यंत्राचं वजन साधारण दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅम, त्यात शेकडो पुस्तकं, आणि एका चार्जिंगवर आठवडे निघतात. ई-रीडरचा ई-इंक पडदा बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो, म्हणून भर उन्हातही नीट दिसतो. टॅबलेटचं तसं नाही. पण बहुतेक ई-रीडर कृष्णधवल आहेत, आणि चित्रांचं पुस्तक करड्या रंगात बघणं सहा वर्षांच्या मुलाला पटत नाही.

मराठी वाचायचं असेल तर ई-रीडर घेण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: देवनागरी कशी दिसते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोन शब्दांतला फरक त्या रफाराच्या आणि अर्ध्या र च्या खुणेत आहे, आणि काही फॉण्ट ती खूण नीट उमटवत नाहीत. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श सुद्धा बऱ्याच यंत्रांवर हिंदी वळणाचे येतात. मोठ्या माणसाला त्यानं फरक पडत नाही. नुकत्या वाचायला लागलेल्या मुलाला वाटतं, हे अक्षर आपल्याला शिकवलंच नव्हतं. शिवाय पुष्कळशी जुनी मराठी पुस्तकं नुसती पानांची छायाचित्रं काढून डिजिटल केलेली असतात. ती ई-रीडरवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी, आणि मोठी करावीत तर ओळ पडद्याबाहेर जाते. अक्षर मोठं केल्यावर ओळी आपोआप पुन्हा जुळतात असं ई-पुस्तक मिळालं तरच उपयोग. हे घरीच बघून घ्या.

सहा वर्षांच्या मुलासाठी माझा कौल निःशंक कागदाला. पातळ, मोठ्या टाइपाची, चित्रांची तीन पुस्तकं. दहाव्यांदा तेच वाचायला मागितलं तरी हरकत नाही, अक्षरं अशा पुनरावृत्तीतूनच पक्की होतात.

यंत्रातला आवाज आणि आपला आवाज

ऑडिओबुकाला मी पूर्वी कमी लेखत होते. आता नाही. थोरल्यासारख्या मुलाला, ज्याची अक्षरं तयार आहेत आणि शब्द तोकडे आहेत, त्याला ऐकण्यातून जे मिळतं ते वाचण्यातून मिळत नाही. मराठीत तर हे जास्तच खरं. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च छापताना एकच, उच्चारताना दोन. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. दोन्हींतले ज निराळे आहेत. पुस्तक हे सांगू शकत नाही, चांगला वाचक सांगतो. त्यामुळे माणसानं वाचलेलं ऑडिओबुकच निवडा. मजकूर आपोआप वाचून दाखवणारे यांत्रिक आवाज मी ऐकले, ते नेमके याच च आणि ज पाशी चुकले.

कानांची काळजी मात्र हवी. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. विमानाच्या केबिनमध्ये मुळातच ८० डेसिबलच्या आसपास घरघर चालू असते, त्यामुळे गोष्ट ऐकू यावी म्हणून मुलं आवाज वाढवत नेतात. बाहेरचा आवाज अडवणारे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन असतील तर तेवढी गरज पडत नाही. नसतील तर विमानात ऑडिओ सोडून द्या आणि पुस्तक काढा.

आता आपण स्वतः वाचून दाखवण्याबद्दल. यातच मला सगळ्यात जास्त राम वाटतो. मॉन्टॅग, जोन्स आणि स्मिथ यांनी २०१५ साली लहान मुलांच्या चित्रपुस्तकांतले शब्द आणि मोठ्यांनी मुलांशी बोलताना वापरलेले शब्द यांची तुलना केली. पुस्तकांमध्ये शब्दांची विविधता जास्त निघाली. विचार केला तर पटतं. आपण दिवसभर मुलांशी बोलतो ते ‘चल’, ‘आवर’, ‘पाणी पी’, ‘चपला कुठे आहेत’. त्यात ‘झुळूक’ येणार कुठून? ऑडिओबुक हे शब्द देतं, पण थांबत नाही. आपण थांबतो. खिडकीबाहेर खरीखुरी खिंड दिसली की पुस्तक मिटून तिकडे बोट दाखवू शकतो. मागच्या सुट्टीत तसं झालं, आणि थोरल्यानं परतीच्या वाटेवर तो शब्द स्वतःहून वापरला. मला त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

दहा वर्षांचं मूल वाचून दाखवायला नको म्हणेल अशी भीती असते. घरी कदाचित म्हणेल. प्रवासात, मुक्कामाच्या अनोळखी खोलीत दिवा मालवण्याआधी, माझा तरी नाही म्हणाला. फक्त पुस्तक त्याच्या वयाचं निवडा, भाषेच्या पातळीचं नव्हे. दहा वर्षांच्या मुलाला चिमणी-कावळ्याची गोष्ट वाचून दाखवली तर त्याला अपमान वाटतो.

कोणती भाषा

दोन्ही भाषांचं समसमान वाटप करायला मी पहिल्यांदा गेले, एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी. दोन दिवसांत मोडलं. मग लक्षात आलं की इंग्रजीला माझी गरज नाही. ती शाळेतून, फलकांवरून, मित्रांकडून येतेच. माझा वेळ आणि माझा आवाज मराठीला द्यायचा, थोरल्याचं स्वतःचं वाचन त्याला हव्या त्या भाषेत. जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलं तेही याला धरून आहे. एका भाषेत कमावलेली वाचनाची समज दुसऱ्या भाषेत कामी येते, हे त्यांच्या मांडणीचं सार. तेव्हा तो इंग्रजीत भरपूर वाचतो याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही, ती शिदोरी मराठीतही खर्ची पडते.

समजेचं असं स्थलांतर होतं, रूपांचं होत नाही. ‘घोडाला’ नाही, ‘घोड्याला’. ‘तो पुस्तक’ नाही, ‘ते पुस्तक’. ही वळणं ऐकून ऐकूनच बसतात, आणि कमी ऐकली तर आधी हीच निसटतात. आमच्याकडे निसटायला लागली होती.

एकाच पानावर दोन्ही भाषा असलेली पुस्तकंही आणून पाहिली. मुलाची नजर सोप्या भाषेवर जाते आणि दुसरी ओळ तशीच राहते. त्यापेक्षा इंग्रजीत वाचून झालेली आवडती गोष्ट मराठी अनुवादात वाचून दाखवली, तेव्हा त्यानं कान टवकारले, कारण पुढे काय होणार हे माहीत होतं आणि सगळं लक्ष शब्दांकडे होतं. ज्या प्रदेशात जातो तिथली भाषा शिकवायला व्हिडिओ लावायचा विचार असेल तर सोडून द्या. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं समोर बसलेल्या माणसांकडून मँडरिनचे ध्वनी ओळखायला शिकली. तेच बोलणं व्हिडिओवर किंवा नुसतं ऐकवून शिकली नाहीत. मोठ्या मुलांना हे जसंच्या तसं लागू करता येणार नाही, पण मी आता मुलांना चार शब्द पाठ करायला लावून रस्ता विचारायला पुढे करते. तेवढं पुरतं.

सुट्टीत वाचन मागे पडतं का, या काळजीबद्दल थोडंच. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासानं ही काळजी जगभर पोचवली; सुट्टीत गरीब आणि सुस्थित घरांतल्या मुलांमधलं अंतर वाढतं, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे पॉल फॉन हिपेल यांनी तो निष्कर्ष चाचण्यांच्या रचनेमुळे फुगला असावा, असं दाखवलं. सहलीचा गृहपाठ करण्याइतकं ते पक्कं नाही.

यंदा आमच्या बॅगेत धाकटीची तीन पातळ पुस्तकं आहेत, थोरल्याचा ई-रीडर आहे त्यानं निवडलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांसह, गाडीतल्या चार तासांसाठी माणसाच्या आवाजातलं एक मराठी ऑडिओबुक फोनवर उतरवून ठेवलं आहे, आणि रात्री वाचून दाखवायला एक जाड मराठी पुस्तक माझ्या पिशवीत आहे. त्यातली पहिली वीस पानं मी निघण्याआधीच मोठ्यानं वाचून घेतली. दोन लांब वाक्यांत कुठे श्वास घ्यायचा ते कळत नव्हतं, तिथे पेन्सिलीनं खूण केली आहे.